टायबेरियस: काटकसरी कारभारी की कॅप्रीचा राक्षस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात वीस मिनिटांचं सादरीकरण करायचं आहे, विषय रोमन सम्राट टायबेरियस. एका ठिकाणी तुम्ही वाचलंत की हा अत्यंत काटकसरी, शिस्तीचा, प्रांतांची काळजी घेणारा राज्यकर्ता होता आणि मरताना भरलेली तिजोरी ठेवून गेला. दुसऱ्या ठिकाणी वाचलंत की तो संशयी, क्रूर होता आणि कॅप्री बेटावर विकृत चाळे करत म्हातारपण काढत होता. दोन्ही लेखक ठामपणे लिहितात, मग खरं काय मानायचं?

मी तीस वर्षं प्राचीन इतिहास शिकवतो आणि त्यातला बराच काळ रोमन नाण्यांच्या याद्या करण्यात गेला आहे. टायबेरियसचं चांदीचं नाणं मी जितक्या वेळा हातात घेतलंय तितकं दुसऱ्या कुठल्याच सम्राटाचं घेतलेलं नाही, कारण आपल्या देशात ऑगस्टस आणि टायबेरियस या दोघांचीच चांदीची रोमन नाणी सर्वांत जास्त सापडतात. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण तुम्हाला उपयोग होईल असं लिहितो.

चांगला की वाईट, हे बाजूला ठेवा. तुमची खरी अडचण अशी आहे की तुम्ही जे दोन लेख वाचलेत ते वेगवेगळ्या साक्षीदारांवर उभे आहेत आणि ते साक्षीदार कोण, हे दोघांनीही सांगितलेलं नाही. शिवाय 'कसा होता' हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर अवलंबून आहे. सार्डिससारख्या आशियातल्या शहरात इ.स. १७च्या भूकंपानंतर उभे असाल तर एक टायबेरियस दिसेल. इ.स. ३२ साली रोममध्ये सिनेटर असाल तर दुसरा. दोन्ही खरे आहेत, आणि दोन्ही एकाच माणसाच्या एकाच सवयीतून आले असं माझं मत आहे. ती सवय म्हणजे आपल्या मनात काय आहे हे स्पष्ट न बोलणं.

आधी साक्षीदार पाहू. व्हेलेयस पॅटर्क्युलस टायबेरियसच्या हाताखाली लढलेला अधिकारी. तो इ.स. ३०मध्ये लिहितो आणि आपल्या सेनापतीची मनापासून स्तुती करतो. पण त्याचं लिखाण रोममधला सर्वांत मोठा रक्तपात व्हायच्या आधीच थांबतं. टॅसिटस लिहितो ते टायबेरियसच्या मृत्यूनंतर साधारण ऐंशी वर्षांनी. तो स्वतः सिनेटर होता आणि डोमिशियन या सम्राटाच्या दहशतीत त्याने आपले सहकारी मारले जाताना पाहिले होते. ती जखम त्याच्या प्रत्येक पानावर जाणवते. स्वेटोनियस त्याच सुमाराचा, सम्राट हेड्रियनच्या दरबारातला चिटणीस, किस्से गोळा करणारा. कॅशियस डिओ तर आणखी शंभर वर्षांनंतरचा. आणि टायबेरियसच्या हयातीत जगलेला अलेक्झांड्रियाचा फिलो त्याच्या राजवटीबद्दल बोलतो ते शांततेचा काळ म्हणून. कॅप्रीवरच्या भयंकर गोष्टींचा त्याच्याकडे मागमूस नाही.

आता माणूस. टायबेरियस इ.स.पू. ४२मध्ये १६ नोव्हेंबरला जन्मला. वडील पुढे राजकारणात हरलेल्या बाजूला गेले, त्यामुळे हे मूल पहिली दोन-तीन वर्षं आईवडिलांबरोबर सिसिली आणि ग्रीसमध्ये पळापळ करत होतं. इ.स.पू. ३८च्या सुरुवातीला आई लिव्हियाने ऑक्टेव्हियनशी, म्हणजे पुढच्या ऑगस्टसशी लग्न केलं. तेव्हा टायबेरियस तीन वर्षांचा होता आणि धाकटा भाऊ ड्रूसस आईच्या पोटात. नऊ वर्षांचा असताना वडील वारले आणि त्यांच्या अंत्यविधीचं भाषण या पोराने केलं.

पुढची चाळीस वर्षं तो सावत्र वडिलांचं काम करत राहिला. इ.स.पू. २०मध्ये आर्मेनियाला जाऊन तिथल्या राजाच्या डोक्यावर त्याने मुकुट ठेवला. आल्प्स, पॅनोनिया, जर्मनी, जिथे गडबड तिथे टायबेरियस. लग्न झालं होतं व्हिप्सानियाशी, ऑगस्टसचा उजवा हात असलेल्या अग्रिपाच्या मुलीशी. एक मुलगा होता, दुसऱ्या वेळी ती गरोदर होती. इ.स.पू. १२मध्ये अग्रिपा वारला, ऑगस्टसची मुलगी ज्युलिया विधवा झाली आणि ऑगस्टसच्या हुकमाने टायबेरियसला व्हिप्सानियाला सोडून ज्युलियाशी लग्न करावं लागलं. स्वेटोनियस सांगतो की त्यानंतर एकदाच व्हिप्सानिया त्याला दिसली. तो भरल्या डोळ्यांनी तिच्यामागे बघत राहिला, आणि ती पुन्हा कधी त्याच्या नजरेस पडणार नाही याची व्यवस्था करण्यात आली. स्वेटोनियस टायबेरियसचा मित्र नव्हे, म्हणून ही गोष्ट मला विश्वासार्ह वाटते. विरोधकाच्या तोंडून आलेली सहानुभूती वजनदार असते.

व्हिप्सानियाचं पुढे लग्न झालं असिनियस गॅलस नावाच्या सिनेटरशी. हे नाव लक्षात ठेवा.

इ.स.पू. ९मध्ये भाऊ ड्रूसस जर्मनीत घोड्यावरून पडून मेला. टायबेरियस अखंड दौड करत त्याच्यापर्यंत पोचला आणि मग रोमपर्यंत संपूर्ण वाट शवापुढे पायी चालत आला. इ.स.पू. ६मध्ये, सत्ता हाताशी येत असताना, तो सगळं सोडून ऱ्होड्स बेटावर निघून गेला. कारण? ज्युलियाशी न पटणं, ऑगस्टसच्या नातवांना मोठं केलं जाणं, थकवा, यातलं काहीही असेल. त्याने स्वतः त्या वेळी फक्त विश्रांती हवी असं सांगितलं, आणि ऑगस्टसची नातवंडं मोठी होत होती म्हणून बाजूला झालो हे कारण नंतर दिलं. आठ वर्षं तिथे राहिला. दोन्ही नातू, ल्यूशियस आणि गायस, इ.स. २ आणि इ.स. ४मध्ये वारले तेव्हा ऑगस्टसपुढे पर्याय उरला नाही. त्याने टायबेरियसला दत्तक घेतलं, पण त्याच वेळी अट घातली की टायबेरियसने स्वतःचा सख्खा मुलगा असतानाही पुतण्या जर्मॅनिकसला दत्तक घ्यावं. म्हणजे वारस म्हणून निवडतानाच सांगितलं गेलं की तू मधला दुवा आहेस. पंचेचाळिशीतल्या, साम्राज्याच्या सर्वांत अनुभवी सेनापतीला.

मी वर्गात हा भाग मुद्दाम सावकाश शिकवतो. सम्राट झाला तेव्हा टायबेरियस पंचावन्नाव्या वर्षात होता. स्वतःच्या आयुष्यातला जवळजवळ एकही मोठा निर्णय तोवर त्याने स्वतः घेतलेला नव्हता, एक ऱ्होड्सचा सोडला तर.

आता या सगळ्याचा कणा. ऑगस्टस इ.स. १४मध्ये १९ ऑगस्टला वारला. १७ सप्टेंबरला सिनेटची बैठक भरली. ऑगस्टसची सत्ता कायद्याने 'राजेपद' नव्हती. ती वेगवेगळ्या अधिकारांची मोट होती आणि ती पुढे कशी जाणार याचा लेखी नियम नव्हता. सैन्याने टायबेरियसच्या नावाने शपथ घेतली होती, अंगरक्षक त्याच्या हुकमात होते, सत्ता प्रत्यक्षात त्याच्याकडे आलेली होती. तरी तो सिनेटपुढे म्हणत राहिला की एवढा भार एकट्याला पेलणारा नाही, तो वाटून घ्यावा, एखादा भाग सोपवलात तर सांभाळीन.

तेव्हा असिनियस गॅलस उठला आणि त्याने विचारलं: सीझर, राज्याचा कोणता भाग आपल्याकडे सोपवला जावा असं आपल्याला वाटतं?

टॅसिटस लिहितो की टायबेरियस या अनपेक्षित प्रश्नाने क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, ज्यातून मला पूर्ण सुटका हवी आहे त्यातला एखादा भाग निवडणं किंवा टाळणं मला शोभणार नाही. गॅलसने त्याच्या चेहऱ्यावरची नाराजी पाहिली आणि घाईघाईने सारवासारव केली की राज्य अखंड आहे आणि त्याला एकच डोकं हवं, हे आपल्या तोंडून कबूल करून घ्यायला मी विचारलं. पण तीर सुटला होता.

बरेच लोक या प्रसंगाला ढोंग म्हणतात. टॅसिटसही तसंच सुचवतो. माझं मत वेगळं आहे. ज्या माणसाला चाळीस वर्षं दुसऱ्याने वापरलं, त्याला ते ओझं खरोखर नको असणं आणि तरीही ते दुसऱ्याच्या हाती गेलं तर जीव धोक्यात येईल हे कळत असणं, दोन्ही एकदम खरं असू शकतं. रोमन लोकांत त्याचं एक वाक्य सांगितलं जाई की लांडग्याला कान धरून उभा आहे. सोडता येत नाही, धरवत नाही. हे मी ढोंग मानत नाही. पण राज्य चालवणाऱ्याने असं अधांतरी बोललं की त्याच्या मनातलं ओळखणं हा आजूबाजूच्या लोकांचा धंदा होऊन बसतो.

पुढच्याच वर्षी एका खटल्यात टायबेरियस रागाने म्हणाला की या प्रकरणात मी स्वतः उघड मत देणार. ग्नेयस पिझो नावाच्या जुन्या सिनेटरने शांतपणे विचारलं: सीझर, आपण मत कितव्या क्रमांकावर देणार? पहिल्यांदा दिलंत तर माझ्यापुढे वाट असेल. शेवटी दिलंत तर नकळत मी आपल्याविरुद्ध मत देऊन बसेन अशी भीती वाटते. टायबेरियसला हे लागलं, आणि त्याने राजद्रोहाच्या आरोपातून त्या माणसाला सुटू दिलं. हा प्रसंग तुमच्या सादरीकरणात जरूर घ्या. सिनेटरला आपली अडचण सम्राटाला समजावून सांगता येत होती आणि तो ऐकतही होता, हे त्यात दिसतं.

आता प्रांतांकडे वळू, कारण तुमचा पहिला लेख इथे उभा आहे. इ.स. १७मध्ये आजच्या पश्चिम तुर्कस्तानात रात्रीच्या भूकंपात बारा शहरं कोसळली. सर्वांत जास्त फटका सार्डिसला बसला. टायबेरियसने त्या एका शहराला १ कोटी सेस्टर्स दिले आणि पाच वर्षांचा कर माफ केला. तेव्हा साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्स होता, म्हणजे ही रक्कम साधारण ११,००० सैनिकांच्या वर्षभराच्या पगाराइतकी. या मदतीची आठवण म्हणून पाडलेलं एक मोठं पितळी नाणं आहे. त्यावर सम्राट हातात पात्र घेऊन बसलेला आणि भोवती मजकूर: आशियाची शहरं पुन्हा उभी केली. रोमन नाण्यांवर आपला मोठेपणा मिरवण्याची रीत जुनीच, पण टायबेरियसने ती फार कमी वापरली, म्हणून हे नाणं ठळक उठून दिसतं.

इजिप्तच्या अधिकाऱ्याने ठरल्यापेक्षा जास्त कर गोळा करून पाठवला तेव्हा त्याने कळवलं की मला मेंढ्यांची लोकर कातरून हवी आहे, कातडी सोलून नको. ग्रीसमधल्या गिथिओन गावाने त्याची देवासारखी पूजा करायचं ठरवलं, तेव्हा त्याने लिहिलेलं उत्तर दगडावर कोरलेलं सापडलं आहे: असा मान माझ्या वडिलांना शोभतो, मला माणसाला शोभेल तेवढाच पुरे. 'राष्ट्रपिता' ही पदवी त्याने शेवटपर्यंत घेतली नाही. इथे लेखकांचं पूर्वग्रहाचं प्रकरण आड येत नाही, कारण दगड आणि धातू त्याच काळातले आहेत.

आपल्याकडचा धागाही इथेच येतो. इ.स. २२मध्ये रोममधल्या उधळपट्टीबद्दल त्याने सिनेटला लांब पत्र लिहिलं. त्यात तो तक्रार करतो की बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्या, शत्रू लोकांकडे जातो आहे. त्या 'परक्यां'मध्ये आपला भाग येतो. भडोच, सोपारा, कल्याण या बंदरांतून आणि पैठण, तेर या बाजारपेठांतून माल पश्चिमेकडे जात होता. टायबेरियसची चांदीची नाणी दक्षिणेत, विशेषतः कोइमतूरच्या बाजूला, घबाडांमध्ये सापडतात. एका बाजूला लॉरेलच्या पानांची माळ घातलेलं त्याचं डोकं आणि 'दिव्य ऑगस्टसचा पुत्र' असा मजकूर, मागे खुर्चीत बसलेली स्त्री आणि 'मुख्य पुरोहित' हे पद. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. काही नाण्यांवर सम्राटाच्या गालावरून आडवा छिन्नीचा घाव असतो. पहिल्यांदा असं नाणं हातात घेतलं तेव्हा मी बोट फिरवून पाहिलं होतं, कड अजून टोचते. तो घाव इथे कुणी तरी घातलेला. चांदी आतपर्यंत खरी आहे का हे पाहायला, की नाणं चलनातून बाद करायला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. महाराष्ट्रात चांदीची नाणी त्या मानाने थोडी, पण तेरसारख्या ठिकाणी रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत, दागिना म्हणून गळ्यात घालायच्या. आपला 'दीनार' हा शब्दही रोमन नाण्याच्या नावातूनच संस्कृतात आला.

त्या नाण्याबद्दल अजून एक. हाच पुरोहितवाला छाप टायबेरियसने जवळजवळ वीस वर्षं बदलला नाही. इतर सम्राट नाण्यावरून सतत बोलतात, विजय सांगतात, वारस दाखवतात. याचं चांदीचं नाणं एकच गोष्ट सांगत राहतं. येशूला कर द्यावा की नाही असं विचारलं गेलं आणि त्याने नाणं मागवून 'हे कोणाचं चित्र' असं विचारलं, ते नाणं बहुधा हेच असं मानतात. मराठी बायबलमध्ये ज्याला 'कैसर' म्हटलंय तो टायबेरियस.

आता रोम. जर्मॅनिकस इ.स. १९मध्ये १० ऑक्टोबरला अँटिओक इथे आजारपणात वारला. मरताना त्याने आरोप केला की सिरियाचा अधिकारी पिझोने विष घातलं. हा पिझो म्हणजे मघाचा 'कितव्या क्रमांकावर' विचारणाराच. रोममध्ये खटला चालला, लोक रस्त्यावर उतरले, निकालाआधीच पिझो गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. टॅसिटस हे सगळं असं रंगवतो की वाचकाला वाटत राहावं, यामागे टायबेरियसच असणार. थेट आरोप मात्र तो कुठेच करत नाही.

मीही सुरुवातीची काही वर्षं हे टॅसिटसच्याच सुरात शिकवत असे. मग दक्षिण स्पेनमध्ये या खटल्यातला सिनेटचा मूळ ठराव काशाच्या पत्र्यांवर कोरलेला सापडला आणि १९९६मध्ये प्रसिद्ध झाला. तारीख इ.स. २०, १० डिसेंबर. तो टॅसिटसशेजारी ठेवून वाचला आणि माझी शिकवण्याची पद्धत बदलली. मुख्य तथ्यांत टॅसिटस बरोबर निघाला. पिझोची बायको प्लँसिना लिव्हियाच्या शब्दावरून सुटली असं तो सांगतो, आणि ठरावात ते उघड लिहिलंय की सम्राटाने आईच्या विनंतीवरून तिच्यासाठी रदबदली केली. कालक्रम मात्र जुळत नाही. टॅसिटसच्या मांडणीवरून खटला वर्षाच्या पूर्वार्धात संपल्यासारखा वाटतो. तेव्हापासून मी टॅसिटस असा वाचतो: कोणी काय केलं, यावर बहुतेक विश्वास ठेवायचा. टायबेरियसच्या मनात काय होतं असं तो सांगू लागला की पेन्सिलीने समासात खूण करायची. तुम्हीही करून बघा, एका पानावर किती खुणा होतात ते.

राजद्रोहाचे खटले हा रोममधला खरा काळा भाग, आणि तो कसा चालत होता हे समजून घ्यायला हवं. रोममध्ये सरकारी वकील नव्हता. कोणीही नागरिक दुसऱ्यावर खटला भरू शकत असे आणि आरोप सिद्ध झाला तर दोषी माणसाच्या मालमत्तेचा किमान चौथा हिस्सा आरोप करणाऱ्याला मिळे. आता याला सम्राटाच्या अस्पष्ट बोलण्याची जोड द्या. कोणता आरोप त्याला आवडेल आणि कोणता नाही, हे कोणालाच नक्की माहीत नाही, पण लागला तर घबाड. खबऱ्यांचा धंदा फोफावणारच. सुरुवातीला टायबेरियसने अनेक फुटकळ आरोप स्वतः उडवून लावले. ऑगस्टसची खोटी शपथ घेतली, असा आरोप आला तेव्हा त्याने लिहिलं की देवांचा अपमान झाला असेल तर देव बघून घेतील. पण त्याने ही व्यवस्था मोडली नाही, प्रत्येक प्रकरण वेगळं तोलत राहिला. इ.स. २५मध्ये क्रेम्युशियस कॉर्डस या इतिहासकारावर खटला झाला, कारण त्याने ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांची स्तुती लिहिली होती. त्याने अन्न सोडून प्राण दिला, पुस्तकं जाळण्याचा हुकूम झाला. मुलीने प्रती लपवून वाचवल्या. हा डाग कुठल्याही काटकसरीने पुसला जात नाही.

सेजानस या पोकळीत शिरला. अंगरक्षकांचा हा प्रमुख. रोमभर विखुरलेल्या तुकड्या त्याने एकाच छावणीत आणल्या. इ.स. २३मध्ये टायबेरियसचा मुलगा ड्रूसस वारला. इ.स. २६मध्ये सम्राट रोम सोडून दक्षिणेकडे गेला. त्याच प्रवासात स्पर्लोंगाच्या गुहेत जेवताना दगड कोसळले, तेव्हा सेजानसने आपलं अंग वर घेऊन त्याला वाचवलं. त्यानंतर विश्वास पक्का झाला. पुढच्या वर्षी टायबेरियस कॅप्रीला गेला आणि पुन्हा रोमच्या हद्दीत कधी आला नाही. आता त्याच्या मनातलं ओळखायला त्याचा चेहराही उरला नाही. उरली फक्त पत्रं, आणि ती पत्रं सेजानसच्या हातून जात.

असिनियस गॅलसचं याच काळात काय झालं बघा. इ.स. ३०मध्ये तो टायबेरियसच्या पंगतीत जेवत होता, त्याच दिवशी तिकडे सिनेटमध्ये टायबेरियसच्या पत्रावरून त्याला दोषी ठरवलं गेलं. तीन वर्षं खटल्याविना कोठडी. मरणार नाही एवढंच अन्न. इ.स. ३३मध्ये तो उपासमारीने मेला, आणि सम्राट म्हणाला, काय हे, खटला चालायच्या आधीच गेला. सतराव्या सप्टेंबरच्या त्या एका प्रश्नाचा, की व्हिप्सानियाच्या लग्नाचा हा सूड? दोन्ही कारणं जुने लेखक देतात. मला या एका माणसाच्या गोष्टीत अख्खी राजवट दिसते.

इ.स. ३१चा १८ ऑक्टोबर डिओने तपशिलात सांगितला आहे. टॅसिटसचा तो भाग हरवलेला आहे. टायबेरियसचा मृत भाऊ ड्रूसस याच्या विधवेने, अँटोनियाने, टायबेरियसला सेजानसच्या हालचाली कळवल्या असाव्यात. काहीही असो, त्याने मॅक्रो नावाच्या अधिकाऱ्याला गुपचूप रोमला पाठवलं. पॅलेटाइन टेकडीवरच्या अपोलोच्या देवळात सिनेट भरली. आपल्यासाठी निरोप नाही म्हणून सेजानस अस्वस्थ होता. मॅक्रोने कानात सांगितलं, आज तुम्हाला मोठा अधिकार मिळणार आहे. तो खुशीत आत गेला. बाहेर मॅक्रोने अंगरक्षकांना आपलं नेमणूकपत्र दाखवून छावणीत परत पाठवलं, देवळाभोवती दुसरा पहारा लावला, पत्र कॉन्सल या सर्वोच्च पदाधिकाऱ्याच्या हाती दिलं आणि वाचायला सुरुवात व्हायच्या आत निघून गेला. पत्र लांबलचक. आधी भलताच विषय, मग सेजानसबद्दल थोडी कुरबुर, पुन्हा भलताच विषय, पुन्हा थोडं. ऐकता ऐकता त्याच्या शेजारी बसलेले सिनेटर एकेक करून दूर सरकले. शेवटी त्याला ताब्यात घेण्याचं वाक्य आलं. कॉन्सलने हाक मारली, सेजानस, इकडे ये. तो हलला नाही. हुकूम ऐकायची सवयच राहिली नव्हती. तिसऱ्या हाकेला म्हणाला, मला? मला बोलावताय? त्याच दिवशी तो मारला गेला. पुढे त्याची मुलंही. स्पेनमधल्या बिल्बिलिस गावाच्या नाण्यांवर त्या वर्षीचा कॉन्सल म्हणून त्याचं नाव होतं. काही नाण्यांवर ते नंतर खरवडून काढलेलं दिसतं.

यानंतरची सहा वर्षं रोममध्ये भीतीची होती, यात शंका नाही. त्याच वर्षांत इ.स. ३३मध्ये कर्जवसुलीची घाई उडून जमिनीचे भाव कोसळले, तेव्हा टायबेरियसने १० कोटी सेस्टर्स तीन वर्षांसाठी बिनव्याजी कर्जाऊ उपलब्ध करून बाजार सावरला. अट एकच, दुप्पट किमतीची जमीन तारण. गॅलस उपाशी मेला तेच हे वर्ष. दोन्ही हुकूम एकाच बेटावरून आले.

कॅप्रीच्या किळसवाण्या गोष्टींबद्दल स्पष्ट सांगतो: त्या मी वर्गात तथ्य म्हणून शिकवत नाही. त्या मुख्यतः स्वेटोनियसकडून येतात, ऐंशीहून अधिक वर्षांनी. अफवा मात्र जिवंतपणीच होत्या. कॅप्रीला जायच्या आधीच एका खटल्यात साक्षीदाराने लोक त्याच्याबद्दल काय बोलतात ते शब्दशः सांगितलं, तेव्हा तो हादरला होता. न दिसणाऱ्या राजाबद्दल लोक काहीही रचतात. त्या वर्षांतला खातरीचा वाटणारा एक तपशील प्लिनी हा रोमन लेखक देतो: टायबेरियसला काकडी इतकी आवडे की एक दिवस त्याविना जात नसे. माळी चाकं लावलेल्या वाफ्यांत वेल लावून उन्हात ढकलत नेत आणि थंडीत वर पारदर्शक दगडाच्या पातळ तावदानांची झाकणं घालत.

इ.स. ३७मध्ये १६ मार्चला मिसेनमला तो अठ्ठ्याहत्तराव्या वर्षात वारला. तिजोरीत २७० कोटी सेस्टर्स होते असं स्वेटोनियस म्हणतो. पुढचा सम्राट कॅलिगुलाने ते फार दिवस टिकू दिले नाहीत. रोममध्ये बातमी पोचली तेव्हा लोक ओरडत होते: टायबेरियसला टायबरमध्ये फेका.

तुमच्या वीस मिनिटांसाठी माझा सल्ला: जन्म ते मृत्यू असा धावता आढावा घेऊ नका, वेळ पुरणार नाही. सतराव्या सप्टेंबरपासून सुरू करा, गॅलसचा प्रश्न वाचून दाखवा. मग आशियाच्या शहरांचं नाणं पडद्यावर मोठं करून दाखवा, मग अठराव्या ऑक्टोबरचं पत्र. स्पॅनिश ठरावावर तीन मिनिटं ठेवा, त्यावर प्रश्न हमखास येतील. कोणी कॅप्रीबद्दल विचारलं तर आधी सांगा की ती गोष्ट कोण सांगतंय आणि किती वर्षांनी. शेवटी पुन्हा गॅलसवर या, त्या कोठडीत त्याने तीन वर्षं वाट पाहिलेल्या खटल्यावर. आणि जवळच्या संग्रहालयात टायबेरियसचं चांदीचं नाणं असेल तर आधी जाऊन बघून या, गालावर घाव आहे का तेवढं नक्की पाहा.